पाण्याखालचं चित्रण: अर्धं काम लातूरच्या विहिरीवर

समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर. लातूर म्हटलं की लोकांना अजून २०१६ साली मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवते. त्यामुळे मी पाण्याखाली व्हिडिओ काढतो म्हटल्यावर समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "कुठल्या पाण्याखाली?"

मालवणला स्वतःचा कॅमेरा घेऊन पहिल्यांदा उतरलो आणि १९ मिनिटांचं चित्रीकरण घेऊन वर आलो. त्यात बोटीचा तळ होता, माझा अंगठा होता, बाकी सगळं हिरवं धुकं. माशांचा थवा अगदी पुढ्यातून गेला तेव्हा मी चालू करायच्या नादात रेकॉर्डिंग बंद केलेलं. रात्री मुक्कामाच्या खोलीत बसून चुका मोजल्या, तर बहुतेक चुका मी घरूनच बांधून आणल्या होत्या. समुद्रात फक्त गाठोडं सुटलं. म्हणून हा लेख मालवणच्या जेट्टीवरून सुरू न होता आमच्या शेतातल्या विहिरीवरून सुरू होतो.

कॅमेरा न्यायचाच का?

मालवण-तारकर्लीला बहुतेक लोक करतात ती ओळखीची डुबकी. प्रमाणपत्र लागत नाही, प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून तुम्हाला फिरवतो. अशी डुबकी असेल तर कॅमेरा मुक्कामीच ठेवा. तोंडाने श्वास घेणं, कान मोकळे करणं आणि न घाबरणं, एवढ्यानेच तुमचे दोन्ही हात आणि सगळं डोकं भरून जातं. चित्रण प्रशिक्षकच करतो. उतरण्याआधी एवढंच विचारून घ्या की व्हिडिओ कशावर मिळणार. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ दाबून दाबून चोथा झालेला असतो. खिशात टाइप-सीचा पेन ड्राइव्ह ठेवा आणि मूळ फाइल मागा.

स्वतः चित्रण करायचं तर आधी ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा (सिलिंडर लावून डुबकी मारण्याचा) पहिला प्रमाणपत्राचा, कोर्स करा. तीन-चार दिवस लागतात, आणि त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे. गोवा, मुरुडेश्वर, अंदमान इथेही कोर्स होतात. कोर्सनंतरच्या पहिल्या दहाएक डुबक्या मोकळ्या हातांनी करा. हे माझं मत आहे, पण पैसे वाया घालवून बनलेलं आहे. ज्याला पाण्यात एका जागी स्थिर तरंगता येत नाही, त्याचा कॅमेरा लाखाचा असला तरी चित्र दहा रुपयांचंच येतं.

दमा, हृदयाचा त्रास, कानाचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी आणि तिकीट नंतर. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी उतरू नका. कान मोकळे होत नाहीत आणि जोर केला तर पडद्याला इजा होते.

काय घ्यायचं

फोन नको. फोनवर आयपी ६८ (पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं असतं ते गोड्या, संथ पाण्यातल्या चाचणीचं असतं. खारं पाणी आणि खोलीचा दाब हे वेगळं प्रकरण आहे, शिवाय पाण्याखाली टचस्क्रीन ऐकत नाही. गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी तर धबधब्यापुरतीच. फोनसाठी डुबकीची खास हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या कडक पेट्या, मिळतात, पण फोनात सगळं आयुष्य साठवलेलं असताना तो धोका मी तरी घेत नाही.

सुरुवातीला अ‍ॅक्शन कॅमेरा पुरे. गेल्या काही वर्षांतले गोप्रो हिरो ब्लॅक कॅमेरे नुसते १० मीटरपर्यंत चालतात, डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत. दोघांनाही त्यांची हाउसिंग घातली की ६० मीटरपर्यंत हरकत नाही. म्हणून हाउसिंगशिवाय जायचं का? नाही. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. १० मीटरवर तो जमिनीच्या दुप्पट असतो आणि तेव्हा तुमच्या कॅमेऱ्याची अख्खी भिस्त बॅटरीच्या झाकणाच्या एका बारीक रबरावर असते. बारीक जिवांचे जवळून फोटो काढायची आवड असेल तर ऑलिंपसचा टीजी-६ चांगला. तो नुसता १५ मीटर आणि त्याच्या हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत जातो.

बाकी लागतं ते असं: दोन्ही हातांनी धरता येईल असा छोटा ट्रे, मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची दोरी, ६४ किंवा १२८ जीबीचं वेगवान कार्ड, दोन जास्तीच्या बॅटऱ्या. एका हाताच्या काठीवर कॅमेरा लावला की चित्र डुलतं. लाइट दुसऱ्या वर्षी घेतला तरी चालेल. अंदमानला विमानाने जात असाल तर बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.

विहिरीवरची तालीम

सगळ्यात आधी हाउसिंगची परीक्षा, तीही कॅमेरा न घालता. आत टिश्यू पेपरची घडी ठेवा, बंद करा, दगड बांधून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर पुढची पायरी. शेंदायच्या दोराला दगड आणि हाउसिंग बांधून विहिरीत तळापर्यंत सोडा. आमच्या विहिरीत मार्चपर्यंत चार-पाच परस पाणी असतं, म्हणजे सात-आठ मीटरचा दाब फुकटात मिळतो. अर्धा तास ठेवून वर ओढा. बादलीची परीक्षा विहिरीमुळे टळत नाही, कारण पुष्कळदा गळती उथळ पाण्यातच होते. खोलीवर पाणीच झाकण दाबून धरतं, वरच्या हातभर पाण्यात तो दाब नसतो.

आता ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या खाचेतलं ते रबर. माझं एक हाउसिंग यानेच बुडवलं. चूक शंभर टक्के माझी. बोटीवर हात पुसलेल्या पंचाने मी ते रबरही पुसलं आणि पंचाचा एक धागा त्यावर राहिला. एक केस, वाळूचा एक कण, एक धागा, एवढ्याने पाणी आत येतं. तेव्हापासून माझा नेम ठरलाय. हाउसिंग आदल्या रात्री पंखा बंद करून, दिव्याखाली बसून बंद करायचं. रबर बोटांनीच काढायचं, सुरीच्या किंवा पिनेच्या टोकाने नाही. धाग्याचं कापड टाळून स्वच्छ करायचं, बोटांवरून फिरवत चीर किंवा कण चाचपायचा, आणि कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढंच लावायचं. ग्रीस रबर मऊ ठेवायला असतं, भोकं बुजवायला नव्हे. जास्त लावलं तर तेच कचरा धरून ठेवतं. काही हाउसिंगच्या रबराला ग्रीस चालतच नाही, म्हणून सोबतचा कागद वाचा.

धुक्याचा बंदोबस्तही इथेच. कॅमेरा तापतो, हाउसिंगची काच पाण्याने गार पडते आणि आतल्या हवेतली वाफ काचेवर बसते. कोकणातल्या दमट हवेत जेट्टीवर हाउसिंग उघडलं की ती हवा आत कोंडली म्हणून समजा. एसीच्या खोलीत बंद करा आणि आत धुकं शोषणाऱ्या पट्ट्या घाला.

मग पाण्यातली तालीम. ज्याला पोहता येतं त्यानेच करायची, आणि तीही सिलिंडरशिवाय. मोटार बंद, स्टार्टरचा फ्यूज काढून खिशात, काठावर पोहणारा दुसरा माणूस आणि हवा भरलेली ट्यूब. विहिरीत सोडलेल्या केबलीने माणसं गेलेली आहेत, म्हणून हे सांगतोय. जोरजोरात श्वास घेऊन लांब बुडी मारायची पैज लावू नका. त्याने शुद्ध जाते आणि जाताना कळतही नाही. विहीर नसेल तर शहरातला तरणतलाव उत्तम.

उथळ पायऱ्यांपाशी डोकं पाण्याखाली घालून फक्त बटणांचा सराव करा. डोळे मिटून चालू, डोळे मिटून बंद. लाल दिवा लुकलुकतोय ना, हे पाहायची सवय लावा. फोनवरचं अ‍ॅप आणि आवाजाने दिलेले हुकूम पाण्याखाली चालत नाहीत, म्हणून सगळी मोड बटणांवरूनच बदलता आली पाहिजे. पुतण्याला समोर उभं करून त्याच्या पायांचे, हातातल्या पितळी तांब्याचे फोटो काढा. पाण्यात वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. तांब्या हाताशी वाटतो आणि फोटोत लांब येतो, हा धडा घरचा तांब्या जितका चांगला शिकवतो तितका मासा शिकवत नाही. मासा थांबत नाही.

आणि तळाजवळून एकदा वर बघा. पाणी संथ असेल तर अख्खं आकाश, काठावरचा लिंब, वाकून बघणारी माणसं, सगळं एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं आणि खिडकीबाहेर अंधार. पाण्यातून हवेत जाणारा उजेड साधारण ४९ अंशांपलीकडे बाहेर पडतच नाही, तो आत परततो, म्हणून हे वर्तुळ. समुद्रातली सगळ्यात देखणी चित्रं याच खिडकीखाली मिळतात: वर बोटीचा काळा आकार, मध्ये डुबकी मारणारा, मागे ऊन. विहिरीत पोहायला शिकलेल्या पोराने ती लहानपणीच पाहिलेली असते, फक्त तिचा फोटो काढलेला नसतो.

विहिरीची एक सवय विहिरीतच सोडा

आम्ही भोपळा बांधून शिकलो आणि भोपळा सुटल्यावर पहिली गोष्ट केली ती बुडी मारायची: गाल फुगवायचे, दम धरायचा, खाली जायचं. स्कूबात हीच सवय जीव घेऊ शकते. १० मीटरवर सिलिंडरमधून भरून घेतलेला श्वास धरून तुम्ही वर आलात तर ती हवा पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटायला त्याहून कितीतरी कमी पुरतं. कॅमेरा हातात असताना ही सवय हटकून डोकं वर काढते, कारण चित्र हलू नये म्हणून माणूस नकळत दम धरतो. बंदुकीचा नेम धरताना धरतात तसा. आणि दम धरल्याने चित्र स्थिर होतच नाही. भरलेल्या छातीने तुम्ही हळूहळू वर जाता, चौकट सरकते आणि तुमचं लक्ष स्क्रीनवर असतं.

उपाय असा: श्वास चालूच ठेवायचा, फक्त मंद. चित्र घ्यायचं ते लांब, सावकाश निःश्वासावर. श्वास घेतल्यावर शरीर क्षणभराने वर येतं, सोडल्यावर क्षणभराने खाली जातं. तो उशीर अंगात भिनला की पाय न हलवता हातभर वर-खाली होता येतं. हे जमलं की ट्रायपॉडची गरज उरत नाही.

पाय मात्र विहिरीतलेच वापरा. बेडूक मारतो तशी लाथ: गुडघे मागे दुमडून, पंजे बाहेर, मग जवळ. सायकल मारल्यासारखे पाय वर-खाली हाणले की तळाची रेती उठते, आणि ती उठली की दहा मिनिटं तिथे कुणालाच काही दिसत नाही.

स्क्रीनमध्ये हरवण्याचा दुसरा धोका हवेचा. मी प्रत्येक चित्रानंतर तीन गोष्टी बघतो: हवेचा काटा, खोली, जोडीदार. या क्रमात कॅमेरा नाही. सिलिंडरच्या काट्यावर ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरायच्या आत वर पोहोचायचं ठरलेलं असतं, ते मासा कितीही सुंदर असला तरी. चढताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. त्या तीन मिनिटांत कॅमेरा चालू ठेवा, बुडबुडे आणि वरची खिडकी छान मिळते.

पाणी रंग पितं

सगळा निळा-हिरवा गोंधळ इथून येतो. पाणी सगळ्यात आधी तांबडा रंग शोषतं. पाचएक मीटरवरच तो फिका पडतो, त्याच्यामागून नारिंगी, मग पिवळा. लोक खोली मोजतात आणि अंतर विसरतात. तुम्ही ६ मीटरवर आहात आणि मासा २ मीटर लांब आहे, तर उजेडाने वरून ६ आणि माशापासून तुमच्यापर्यंत २, असा ८ मीटर पाण्याचा प्रवास केलेला असतो. म्हणून पहिला, दुसरा आणि तिसरा नियम एकच: जवळ जा. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला हातभर अंतर उत्तम, दीड वितीपेक्षा जवळ गेलात की धूसर. झूमला हातच लावू नका. झूमने मासा जवळ येतो, मधलं गढूळ पाणी तिथेच राहतं.

दुसरं, ऊन पाठीशी किंवा माथ्यावर. सकाळी १० ते दुपारी २ ही वेळ बोटवाल्याकडून मागून घ्या. तिसरं, खालून वर बघत चित्र घ्या. वरून खाली घेतलेल्या चित्रात मासा आणि खडक एकाच मातकट रंगात मिसळतात.

तांबडा फिल्टर सगळे दुकानदार विकतात. निळ्या, नितळ पाण्यात, भर उन्हात, ५ ते २० मीटरच्या दरम्यान तो उपयोगी आहे. अंदमानला चालतो. मालवणच्या हिरवट पाण्यात तो उजेड खातो आणि बदल्यात फारसं काही देत नाही. त्यापेक्षा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं असा रंगांचा तोल, हाताने लावता येत असेल तर पांढरी पाटी समोर धरून लावा आणि खोली पाचएक मीटर बदलली की पुन्हा लावा.

लाइट घेतलात तर फिल्टर काढून ठेवा, नाहीतर जवळच्या वस्तू शेंदूर फासल्यासारख्या दिसतात. आणि लाइट कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावू नका. रात्री धुळीच्या कच्च्या रस्त्यावर गाडीचा अप्पर मारून बघा, समोर पांढरी भिंत उभी राहते. पाण्यात तरंगणारे कण तेच करतात. लाइट ट्रेच्या दांड्यांच्या टोकाला, दोन्ही बाजूंना, थोडे मागे आणि किंचित बाहेर वळवून. म्हणजे उजेडाची कड माशावर पडते आणि मधले कण अंधारात राहतात.

सेटिंग, एकदाच

हे घरी लावा आणि पाण्यात विसरा. ४के, सेकंदाला ३० फ्रेम. हळू गतीत दाखवायचं असेल तर ६०. चौकट रुंद. आयएसओची (कॅमेऱ्याच्या उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेची) कमाल मर्यादा ४०० ते ८००, त्यापुढे चित्रात रवा दिसायला लागतो. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) अर्ध्या पायरीने खाली, म्हणजे वरचा उजेड फुटत नाही. रंगाचं प्रोफाइल साधं. फोटो असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल, कारण तांबडा रंग परत आणायला तिच्यातच जागा असते. स्क्रीन लगेच बंद होऊ देऊ नका. व्हिडिओ १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) वेगाने साठवला तर तासाला ४५ जीबी जागा लागते, त्या हिशेबाने कार्ड.

चित्र घेताना प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद धरा. मनात आकडे मोजा. मासा चौकटीतून बाहेर गेला तर त्याच्यामागे कॅमेरा फिरवू नका, त्याला जाऊ द्या.

मासे आणि माणसं

माशाचा पाठलाग केला की फक्त शेपटी मिळते. त्याच्या वाटेवर आधी जाऊन थांबा. काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे थोड्या वेळाने स्वतःच बघायला येतात. डोळा स्पष्ट आला पाहिजे, बाकी शरीर धूसर आलं तरी चित्र जिवंत वाटतं.

काही ठिकाणी फोटोसाठी माशांना ब्रेड, बिस्किटं टाकतात. चित्रात गर्दी भरपूर दिसते, पण ती पावाभोवतीची गर्दी असते. मी सोबतच्या माणसाला आधीच सांगतो, "दादा, ब्रेड नको, पाच मिनिटं थांबू." बहुतेक ऐकतात. प्रवाळाला टेकून, धरून, गुडघा रोवून फोटो काढू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. आठवण म्हणून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, मग तो मेलेला का असेना.

पाणी मनासारखं नसेल तर हट्ट सोडा. पावसाळ्यात डुबक्या बंदच असतात. हिवाळ्यातही वारा सुटला की दोन-तीन मीटरपलीकडे दिसत नाही. तेव्हा शिंपले, खेकडे, खडकाच्या कपारी असं बारीक आणि जवळचं काढा.

परतीचा घाट

आम्हा पठारावरच्या लोकांना हे कुणी सांगत नाही. डुबकीनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो, आणि उंचावर गेलं की हवेचा दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे व्हायचा धोका वाढतो. म्हणून एका डुबकीनंतर १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास विमान टाळतात. ही काळजी ६०० मीटरपुढच्या उंचीला लागू धरली जाते. आंबोली साधारण ७०० मीटरवर आहे. दुपारी डुबक्या मारून संध्याकाळच्या गाडीने घाट चढणारे पुष्कळ बघितलेत. तुम्ही रात्र मालवणातच काढा. सोलकढी प्या, घाट सकाळी उशिरा चढा.

ती रात्र तशीही कामाची असते. हाउसिंग न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास भिजवा, पाण्यातच सगळी बटणं दाबा. मीठ सुकू दिलंत की बटणं अडकतात. मग पूर्ण कोरडं करून उघडा आणि तोंड खाली धरून उघडा, म्हणजे थेंब आत पडत नाही. फाइली त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा.

घरी आल्यावर डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत रंग दुरुस्त होतात. आधी व्हाइट बॅलन्स, मग तांबड्याचा भाग हळूच वर, मग काळा गडद. पांढरी वाळू पांढरी दिसली की थांबा. तांबडं फार ओढलं की मासे आजारी दिसतात. आणि कापा. माझा पहिला व्हिडिओ १२ मिनिटांचा होता, तिसऱ्या मिनिटाला घरातले एकेक करून उठले. शेवटपर्यंत फक्त आई बसली होती, तीही एवढंच विचारायला, "एवढं पाणी, अन् प्यायला येत नाही व्हय?" आता दोन मिनिटांच्या वर एक सेकंद ठेवत नाही.

सामान ठेवताना आणखी एकदा स्वच्छ पाण्याने धुवा. पण आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने शेवट करू नका, काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात. शेवटचं पाणी फिल्टरचं. बॅटऱ्या अर्ध्या भरून काढून ठेवा. हाउसिंगचं झाकण बंद न करता रबर काढून, छोट्या पिशवीत घालून आतच ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात ४० अंशांच्या वर पारा जातो आणि खाचेत दाबून राहिलेलं रबर चपटं होतं. नवं रबर काहीशे रुपयांना मिळतं, ते दिवाळीच्या आधीच मागवा. पोचायला आठवडा लागतो.